बोरघाटांतील छायाचित्रें

उतारवयांत एखादा नवा नाद लागणें हें आमच्या घरांत फारसें शुभ लक्षण मानीत नाहींत. एकत्र कुटुंबांत म्हाताऱ्याचा नाद त्याच्या एकट्याचा कधींच राहत नाहीं. त्याच्यापायीं पहांटे उठून डबा भरून देणारी सून, छत्री शोधणारा नातू आणि 'ह्या वयांत हें काय आरंभिलें?' असें विचारणाऱ्या वहिनी, अशीं सारींच कामाला लागतात. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मला आगगाड्या, जुने पूल आणि बोगदे ह्यांचीं छायाचित्रें काढण्याचा नाद लागला, आणि त्यांत आमचें सारें घर ओढलें गेलें. त्या नादाची व त्यानें मला शिकविलेल्या एका धड्याची हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेख.

नादाचें मूळ एका हळहळींत आहे. पुण्याहून मुंबईस सडकेनें जाणाऱ्या बहुतेकांनीं खंडाळ्यापाशीं एक दगडी कमानींचा पूल पूर्वीं पाहिला असेल. १८३० सालचा म्हणून तो ओळखला जाई. डोकेदुखीवरील एका प्रसिद्ध मलमाची पाटी त्यावर असे. म्हणून लोकांनीं त्याचें नांव 'अमृतांजन पूल' असेंच ठेविलें. पुढें द्रुतगति मार्ग झाला आणि पुलाच्या खांबांमधून वाहनांचा लोट वाहूं लागला. तेथें रस्ता अरुंद पडे, वाहनें तुंबत, अपघात होत. अखेर एप्रिल २०२० मध्यें, टाळेबंदीमुळें सडक ओस पडली असतां, सुरुंग लावून तो पाडण्यांत आला. निर्णय चुकला असें मी म्हणत नाहीं. जेथें माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे तेथें दगडांचा कैवार घेणें शोभत नाहीं. परंतु बातमी वाचल्यावर पुतण्यानें विचारलें, "काका, आपल्याकडे त्या पुलाचा एखादा फोटो असेल ना?"

असावयास हवा होता. त्या पुलावरून आमचें घराणें तीन पिढ्या गेलें आलें. माळ्यावरची पेटी उतरविली; सारी दुपार शोधलें. निघालें तें एकच चित्र. थोरल्या बंधूंनीं आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्यानें काढलेलें, चौकोनी, कडा पिवळ्या पडलेलें. मध्यभागीं आमचे तीर्थरूप धोतर-कोट-टोपी अशा वेषांत ताठ उभे, आणि त्यांच्या टोपीमागें अर्धी कमान. उरलेली अर्धी चित्राच्या चौकटीबाहेर राहिलेली. पाठ उलटून पाहिली, तर ती कोरी. दादा म्हणाले, "हें १९७४ सालचें." मी म्हणालों, "छे, ७६ चें." वाद रंगला. तेव्हां वहिनींनीं स्वयंपाकघरांतूनच निकाल दिला, "त्या सहलीला मी नव्हतें. म्हणजे माझ्या लग्नाआधींचें, १९७५ च्या आधींचें. एवढें कळायला पेटी कशाला उपसायला हवी?" मी निरुत्तर झालों. सदतीस वर्षें मुलांना इतिहासाच्या सनावळ्या पाठ करावयास लावणाऱ्या माणसाच्या घरांत वडिलांच्या चित्रावर साधी तारीख नव्हती.

त्या दिवशीं मनाशीं ठरविलें कीं, जें उभें आहे तें उभें असतांनाच टिपावें, आणि टिपलें कीं त्याच्या पाठीवर चार गोष्टी लिहाव्या: कोठें, केव्हां, काय, आणि कोण. मुलानें एक लहानसा कॅमेरा घेऊन दिला. अक्षर चांगलें म्हणून पाठीवर लिहिण्याचें काम अकरा वर्षांच्या नातवाकडे सोंपविलें. पुतण्याला विमानांची हौस. परंतु पुण्याचा लोहगांव विमानतळ हवाईदलाचा असल्यामुळें तेथें छायाचित्रणास मनाई आहे, आणि मनाईची पाटी वाचूनही चोरून चित्र काढणें मला मान्य नाहीं. म्हणून विमानांचा नाद वाढूं दिला नाहीं. पुलांचा व आगगाड्यांचा वाढला.

संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेल्यामुळें शब्दांची फोड करण्याची खोड जात नाहीं. 'सेतु' हा शब्द 'सि' म्हणजे बांधणें ह्या धातूपासून आला. जो दोन तीरांना बांधतो तो सेतु. ह्या अर्थानें पाहिलें तर बोरघाटांतील सारा लोहमार्ग हाच एक सेतु आहे. त्यानें कोंकण आणि देश एकमेकांस बांधले. मुंबई ते ठाणें पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. पण पुढें सह्याद्रि आडवा उभा होता. घाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें व १८६३ सालीं संपलें. सुमारें पंधरा मैलांत १८३१ फूट चढावयाचें. चढ कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतका उभा. त्यासाठीं पंचवीस बोगदे कोरले, आठ मोठे पूल बांधले. एके जागीं तर वळणास जागाच नव्हती. म्हणून गाडी पुढें नेऊन थांबवीत, इंजिन काढून दुसऱ्या टोंकास लावीत, आणि मग ती उलट्या दिशेनें वर निघे. ही उलटापालट १९२९ सालीं नवा मार्ग काढल्यावर बंद झाली, आणि १ जून १९३० रोजीं विजेवर धांवणारी 'दख्खनची राणी' ह्या घाटांतून जाऊं लागली.

हा चढ आजही सोपा झालेला नाहीं. मुंबईकडून येणाऱ्या बहुतेक जड गाड्यांना कर्जतेस मागून जादा इंजिनें लावतात. पुढचें इंजिन ओढतें, मागचीं ढकलतात, आणि लोणावळ्यास पोहोंचल्यावर तीं सुटतात. कर्जतेस गाडी थांबली कीं प्रवाशांस बटाटेवडा आठवतो. पण त्या थांब्याचें खरें कारण हें आहे. अलीकडच्या कांहीं गाड्यांना ह्या मदतीची गरज उरलेली नाहीं. म्हणूनच माझ्या मनानें घेतलें कीं, मालगाडीच्या पाठीस लागलेल्या ह्या इंजिनांचें एक चांगलें चित्र आपल्या संग्रहीं हवें.

मार्गशीर्षांतल्या एका सकाळीं मी व नातू पुण्याहून लोकलनें लोणावळ्यास गेलों आणि तेथून रिक्षानें खंडाळा स्टेशनावर आलों. हवा स्वच्छ होती; समोर नागफणीचा सुळका उन्हांत न्हाऊन निघाला होता. स्टेशन-मास्तरांस भेटून हेतु सांगितला. त्यांनीं फलाट न सोडण्याच्या अटीवर होकार दिला. मीं नातवाला बांकावर बसविलें आणि शाळेंतल्या आवाजांत बजावलें, "ह्या पिवळ्या रेघेच्या पुढें एक पाऊलही टाकावयाचें नाहीं."

अर्ध्या तासानें पलीकडच्या रुळावरून मालगाडी आली. डबे संपतां संपेनात. मी कर्जतेच्या बाजूस तोंड करून, डोळा कॅमेऱ्यास लावून, शेवटच्या इंजिनांची वाट पाहत होतों. अखेर तीं वळणावर दिसलीं. परंतु फलाटाचा एक खांब आड येत होता. एक पाऊल पुढें सरलों. आणखी एक. त्या गडगडाटांत दुसरें कांहींच ऐकूं येत नव्हतें. नातवानें "आजोबा!" म्हणून मारलेली हांकही मला ऐकूं आली नाहीं. इतक्यांत कोणीतरी माझा दंड पकडून मला जोरानें मागें ओढलें, आणि त्याच क्षणीं माझ्या पाठीकडून, लोणावळ्याहून उतरणारी गाडी फलाटालगतच्या रुळावरून माझ्या तोंडासमोरून निघून गेली.

पिवळी रेघ माझ्यामागें दोन हातांवर राहिली होती. म्हणजे मी तिच्या दोन हात पलीकडे गेलों होतों.

ओढणारा एक गँगमन होता. नारिंगी जाकीट, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, वय चाळिशीच्या आंतलें. तो रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "बाबा, गाडी उद्यांही येईल." मग माझ्या नातवाकडे पाहून हंसला. माझे हात कांपत होते. काय बोलावें हें न सुचून मीं त्याचेंच एक चित्र काढलें. तो हातोडा सांवरून रुळांच्या कडेनें बोगद्याकडे चालता झाला. परतीच्या प्रवासांत नातू माझा हात धरून बसला होता. एरवीं मी त्याचा धरतों.

घरीं हा प्रसंग मीं सांगितला नाहीं, असें लिहितांना लाज वाटते. पण आठ दिवसांनीं चित्रें छापून आलीं आणि नातू दौत-टांक घेऊन बसला. गँगमनचें चित्र उलटें ठेवून त्यानें लिहिलें: खंडाळा स्टेशन, तारीख, रुळांची तपासणी करणारा गँगमन. मग टांक थांबला. "आजोबा, चौथी ओळ? कोण म्हणून काय लिहूं?" मला नांव ठाऊक नव्हतें. ज्यानें प्राण वांचविले त्याला मीं नांव विचारलें नव्हतें. तेव्हां मात्र सारा वृत्तांत घरांत सांगणें भाग पडलें. सून बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आधीं त्याचें नांव घेऊन या. मग पुढचे फोटो."

त्या रात्रीं ह्या घाटाच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांची आठवण झाली. घाटाच्या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ सालीं हिंदुस्थानांत आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची विधवा पत्नी अॅलिस हिनें तें कंत्राट स्वतःकडे घेऊन, जाणते अभियंते नेमून, काम तडीस नेलें. त्या कामाचीं छायाचित्रेंही तिनेंच काढलीं असें मानतात. परदेशांतील एका संग्रहांत तीं तिच्या नांवें जतन केलेलीं आहेत. त्या काळीं कांचेवर ओला लेप देऊन तो वाळण्यापूर्वींच चित्र घ्यावें लागे, आणि कित्येक सेकंद भिंग उघडें ठेवावें लागे. जो स्तब्ध उभा राही तो उमटे. जो हले तो धुक्यासारखा पुसट होई. म्हणजे उभा राहून पाहणारा चित्रांत स्पष्ट, आणि काम करणारा अस्पष्ट! १८६१ च्या आरंभीं ह्या घाटांत सुमारें ४२ हजार माणसें राबत होतीं. पटकीनें त्यांतलीं किती तरी मेलीं. मजुरी थकल्यावरून १८५९ सालीं दंगाही झाला होता. मुख्य अभियंता जेम्स बर्कले ह्याचें नांव आपण वाचतों. त्यालाही पुरा झालेला घाट पाहावयास मिळाला नाहीं, १८६२ सालीं तो वारला. पण त्या हजारोंपैकीं एकाचेंही नांव आपणांस सांगतां येईल काय?

कालिदासानें रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत विमानांतून परतणाऱ्या रामाकडून सीतेला सेतु दाखविला आहे. तेथें राम त्याला आपला सेतु म्हणतो. तें वर्षानुवर्षें शिकवितांना दगड वाहणाऱ्या वानरांकडे माझें लक्ष कधीं गेलें नाहीं. जुन्या सडकेवर शिंगरोबाचें देऊळ आहे. ह्याच धनगरानें गोऱ्या साहेबांना घाटाची वाट दाखविली, असें लोक सांगतात; येणारेजाणारे तेथें पैसा टाकून नमस्कार करितात. वाट दाखविणाऱ्या एकाची तरी आठवण लोकांनीं ठेविली. वाट खोदणारांस एक दगडही नाहीं.

पुढच्याच महिन्यांत आम्ही पुन्हां खंडाळ्यास गेलों, ह्या वेळीं चित्राची प्रत घेऊन. स्टेशनावरच्या दुसऱ्या एका गँगमननें चित्र पाहतांच ओळखलें. टोळी बोगद्याकडे गेली होती. तिसऱ्या प्रहरीं ती परत आली. आमच्या उपकारकर्त्यानें चित्र हातांत घेतलें, लांब धरून न्याहाळलें आणि म्हणाला, "ह्यांत माझी टोपी वांकडी आहे. पुन्हां काढा." मग सारी टोळीच फलाटावर उभी राहिली. सात जण होते. मी पिवळ्या रेघेच्या अलीकडे, पाठ भिंतीस टेंकून उभा राहिलों. नातवानें तशी आज्ञाच केली होती. चित्र झाल्यावर त्यानें वही काढून एकेकाला नांव विचारलें आणि लिहिलें. एकानें "हें कशाला रे बाळ?" म्हणून विचारलें, त्यावर तो म्हणाला, "चौथी ओळ भरायची आहे." तीं नांवें आतां चित्राच्या पाठीवर आहेत. छापण्याविषयीं त्यांस विचारलें नव्हतें, म्हणून येथें देत नाहीं.

मागील इंजिनांचें चित्र मला अजून मिळालेलें नाहीं. गाडी उद्यांही येईल, ह्या भरंवशावर मी निवांत आहें. मात्र घरच्या पेटींतलीं सारीं चित्रें काढून आम्ही तीं उलटीं मांडलीं, आणि दादा व वहिनी ह्यांना मध्यें बसवून जेवढें आठवलें तेवढें लिहून घेतलें. वाचकांसही माझी तीच विनंति आहे. सांगणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे. तीर्थरूपांच्या चित्रामागें नातवाच्या अक्षरांत आतां असें आहे: "खंडाळा, १९७५ पूर्वीं, अमृतांजन पुलाची अर्धी कमान, पणजोबा. फोटो काढणारे: दादाआजोबा. तारीख सांगणारी: काकीआजी."

शेवटची ओळ वहिनींनीं मुद्दाम लिहावयास लाविली.