कार्ड कुठं घालायचं?

गेल्या दिवाळीत नवा डेस्कटॉप टेबलावर ठेवला, वायरी जोडल्या, स्क्रीनवर कंपनीचा लोगो आला, आणि पप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "कार्ड कुठं घालायचं?"

मी पुढून बघितलं. काळा, गुळगुळीत चेहरा. एक पॉवर बटण, दोन यूएसबी, एक हेडफोनचं भोक. बस.

"आता आतमध्ये नसतं देत पप्पा. बाहेरून लावायचा रीडर मिळतो, अडीचशे रुपयांना. आणतो पुढच्या शनिवारी."

ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, विषय संपला.

पौडला आमचा फोटो स्टुडिओ आहे. एक शटर, मागे निळा पडदा, दोन लाइट, एक प्रिंटर. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच येते, म्हणजे सरकारी कागदावर मी आणि पप्पा एकाच तालुक्यात काम करतो. फक्त माझ्या ऑफिसात काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या दुकानात पावसाळ्यात भिंतीला ओल येते. क्लायंट अमेरिकेतला, रात्री कॉल असतात, म्हणून मी वाकडला मित्रांसोबत राहतो आणि शनिवारी घरी येतो.

पप्पांचा जुना कॉम्प्युटर २००९ साली असेंबल करून घेतलेला होता. त्याला पुढे, फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी, कार्ड रीडर बसवलेला होता. ती जागा साडेतीन इंची. फ्लॉपी गेली तरी तिच्या मापाची खिडकी बरीच वर्षं कॅबिनेटला राहिली, आणि कार्ड रीडर बनवणाऱ्यांनी नेमकं तेच माप धरलं. कुठल्याही कंपनीचा रीडर घ्या, कुठल्याही कॅबिनेटमध्ये सरकवा, चार स्क्रू मारा. सीएफ, एसडी, मेमरी स्टिक, एक्सडी, सगळ्यांना एकेक भोक. पप्पांचा पहिला डीएसएलआर सेकंडहँड होता आणि त्यात सीएफ कार्ड लागायचं. काडेपेटीएवढ्या लांबीरुंदीचं, जाड, आत पन्नास पिना शिरतील अशी पन्नास बारीक छिद्रं असलेलं.

एकदा पावसाळ्यात त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. बॅकअप नव्हता. तेव्हापासून पप्पांनी कार्ड पुसणं बंद केलं. "निगेटिव्ह कोणी पुसतं का?" असं त्यांचं म्हणणं. कार्ड भरलं की त्यावर मार्करने गाव आणि साल लिहायचं आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. त्या डब्यात आज ४३ कार्डं आहेत. म्हटलं तर आमच्या पंचक्रोशीतली दहा-बारा वर्षांची लग्नं, साखरपुडे, जत्रा आणि बारशी त्या डब्यात आहेत.

दोन वर्षांपूर्वी पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात आणि थोडा उजवा पाय. पाय बराच सुधारला, हात नाही. पण त्यांनी स्टुडिओ बंद केला नाही. कॅमेऱ्याचं बटण उजव्या बाजूला असतं, म्हणून त्यांनी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला आणि वायरवाला रिमोट डाव्या हातात धरला. माउस डावीकडे घेतला. पासपोर्ट फोटो, आधारकार्डाच्या झेरॉक्स, जुन्या फोटोंचे प्रिंट, एवढं चालतं. मला या सगळ्याचं फार कौतुक होतं आणि मी ते मित्रांना सांगायचोही. बघायचो मात्र नाही, हे नंतर कळलं.

अडीचशेचा रीडर मी नेऊन दिला. दोन आठवड्यांनी बघतो तर तो वायरीसकट ड्रॉवरमध्ये. कार्डं तशीच पडलेली. मी जरा चिडलोच. "एवढं सोपं आहे पप्पा, शिकून घ्यायला काय हरकत आहे?" पप्पा म्हणाले, "बघतो." आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहा ठेवायला गेली.

जानेवारीत ताम्हिणीकडच्या एका वाडीवरून एक काकू आल्या. नवरा गेला होता, दहाव्याला फोटो हवा होता. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. साध्या माणसाचा एकट्याचा असा फोटो काढलेला नसतोच. मग कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून त्याचा चेहरा कापून, मोठा करून, मागे निळा रंग भरून द्यायचा. पप्पांना आठवलं, २०११ च्या एका लग्नात ते गृहस्थ होते. कार्डही सापडलं. मी हिंजवडीत मीटिंगमध्ये होतो, फोन सायलेंटवर. पप्पांनी अर्धा तास प्रयत्न केला. काकूंना परतीची गाडी गाठायची होती. शेवटी त्यांनी पिशवीतून आधारकार्ड काढलं आणि पप्पांनी त्यावरचा फोटो मोठा करून दिला.

आधारकार्डावर आपण सगळे कसे दिसतो, माहीत आहे तुम्हाला. दहाव्याला त्या माणसाचा तसा फोटो होता.

हे मला त्या शनिवारी आईने सांगितलं. मी म्हटलं, दाखवा, कुठं अडतं ते. पप्पांनी रीडर काढला. उजव्या कोपराने टेबलावर दाबून धरला. डाव्या हाताने कार्ड लावायला गेले. रीडर सरकला. मग हनुवटीने दाबला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस टेबलावर वाकून, हनुवटीखाली प्लास्टिकचा तुकडा धरून, तिरक्या नजरेने पन्नास पिनांचं भोक शोधत होता.

मी माझा उजवा हात पाठीमागे घेतला आणि स्वतः करून पाहिलं. नाही जमत. लटकणाऱ्या रीडरला दोन हात लागतात: एक धरायला, एक घालायला. सीएफ काढताना तर जास्तच, कारण ते पिनांवर घट्ट बसतं. एवढी साधी गोष्ट मला तीन महिने दिसली नव्हती, कारण मला दोन हात आहेत.

डबल टेपने रीडर टेबलाला चिकटवून पाहिला. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी कार्ड ओढताना रीडरच कार्डासोबत आला. मग मी म्हटलं, "सगळी कार्डं मीच एका रविवारी कॉपी करून टाकतो."

"कर," पप्पा म्हणाले. "आणि उद्या नवीन कार्ड भरलं की? तुझी वाट बघायची?"

मग ठरवलं, मशीनमध्येच बसवायचा. जुन्यासारखा.

तपकीर गल्लीत दोन दुकानांत नाही म्हणाले. तिसऱ्याने माळ्यावरून धूळ बसलेला खोका काढला. "हे आता कोण घेत नाही, दादा." साडेतीन इंची, सीएफच्या भोकासकट. घरी येऊन कॅबिनेटचं एक बाजूचं पान उघडलं आणि कळलं की खरी गोष्ट इथून सुरू होते.

असेंबल्ड कॉम्प्युटर सगळ्यांनी मान्य केलेल्या मापांवर चालतो. ब्रँडेड डेस्कटॉप बऱ्याचदा स्वतःच्या मापांवर चालतो. पुढच्या प्लास्टिकला खिडकीच नव्हती. मागे हार्ड डिस्कसाठी एक रिकामा साडेतीन इंची पिंजरा होता, एवढंच नशीब. रीडरच्या वायरीला नऊ छिद्रांचा प्लग असतो, तो मदरबोर्डवरच्या नऊ पिनांवर बसतो. दोन ओळी, एका टोकाला एक पिन मुद्दाम गाळलेली, म्हणजे प्लग उलटा बसू नये. या नऊ पिनांत दोन यूएसबी पोर्ट मावतात. प्रत्येकाला चार तारा: लाल पाच व्होल्ट, पांढरी आणि हिरवी डेटाची, काळी अर्थची. उरलेली एक पिन रिकामीच. असा पिनांचा गट या मशीनमध्ये एकच होता, आणि तो पुढच्या दोन यूएसबींनी आधीच घेतलेला.

वायरीला फाटा मारून दोन्ही जोडता येत नाहीत. लाइटच्या वायरीला चालतं, यूएसबीच्या डेटाच्या तारांना नाही. एका पोर्टवर एकच उपकरण, जास्त हवी असतील तर मध्ये हब लागतो. मी विचार केला, पुढचे यूएसबी पप्पा वापरतच नाहीत, ते काढू आणि रीडर लावू. लावला. मशीन सुरू केलं. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत तक्रार आली: पुढचा यूएसबी जोडलेला नाही, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. त्या नऊ पिनांवर आपलंच माणूस बसलंय की नाही, हे बायोस प्रत्येक वेळी तपासत होतं.

हेल्पलाइनला फोन केला. पलीकडचा मुलगा माझ्याच वयाचा असावा. नम्रपणे म्हणाला, "सर, थर्ड पार्टी पार्ट बसवला तर वॉरंटीचं आम्ही सांगू शकत नाही." कंपनीचा स्वतःचा रीडर आहे का? या मॉडेलला नाही. म्हणजे आम्ही देणार नाही, आणि दुसऱ्याचा लावलात तर तुमचं तुम्ही बघा.

अमेरिकेत १९७५ पासून कायदा आहे की अमुकच ब्रँडचा पार्ट लावा नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट सहसा घालता येत नाही. तरी २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाला काही कंपन्यांना याबद्दल ताकीद द्यावी लागली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक पोर्टलही सुरू केलं. हे सगळं मी मोबाइलवर वाचत बसलो होतो. पप्पांनी विचारलं, "मशीनचे पैसे भरलेत ना आपण?"

"भरलेत."

"मग काप."

कापायचं काम मी करणार होतो, पण हात त्यांचाच पुढे आला. तीस वर्षं फोटोफ्रेमची माउंट कापलेला माणूस. "आधी कागद काप," म्हणाले. रीडरच्या तोंडाचं माप घेतलं, दहा सेंटिमीटर रुंद, अडीच उंच. कागदाचा तुकडा प्लास्टिकवर धरायला मी, पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात. रेघ थरथरली, पुसली, पुन्हा मारली. मग कोपऱ्यांना चार भोकं पाडून हॅकसॉच्या पात्याने मी कापलं आणि त्यांनी कानस मारली. मध्येच लाइट गेली. मुळशी धरणाचं पाणी जवळपास शंभर वर्षं कोकणात भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करतंय, आणि पौडला आम्ही मोबाइलच्या टॉर्चमध्ये कानस मारतोय. पप्पांना त्याचं काही नाही. ते म्हणाले, "टॉर्च जरा खाली घे."

पिनांचा प्रश्न पुढच्या शनिवारी सुटला, आणि फारच साधेपणाने. नऊ पिनांना साध्या यूएसबीत बदलणारी वायर मिळते. पुढचे यूएसबी पुन्हा जागेवर लावले, बायोस शांत झालं. रीडरची वायर मागच्या एका रिकाम्या पट्टीतून बाहेर काढली आणि मागच्याच यूएसबीत खोचली. शेपूट परत स्वतःच्याच पाठीत घातल्यासारखं दिसतं. क्लायंटसमोर असलं काही डेमोत दाखवलं तर नोकरी जाईल. पण चालतं.

विंडोजने चार भोकांचे चार ड्राइव्ह दाखवले, सगळे रिकामे. पप्पा गोंधळले. रिकामे ड्राइव्ह लपवायची एक टिकमार्क असते, ती केली. आता कार्ड आत असेल तरच ड्राइव्ह दिसतो. पप्पांच्या सांगण्यावरून कॅबिनेट टेबलावर डाव्या बाजूला घेतलं.

पहिलं कार्ड त्यांनी घातलं. अर्ध्यापर्यंत अलगद जातं, मग पिना लागतात, तिथं जरा जोर द्यायचा. मशीन हललं नाही. डब्यातल्या बाकीच्या कार्डांची प्रत मी त्या रात्रीपासून काढायला घेतली, दोन ठिकाणी. कारण कार्ड म्हणजे निगेटिव्ह नाही. आतल्या बारीक कप्प्यांमध्ये वीज साठवलेली असते आणि वर्षानुवर्षं नुसतं पडून राहिलं तर ती हळूहळू गळते. हे पप्पांना सांगितलं तेव्हा ते डब्याकडे बघत राहिले. ४३ पैकी दोन कार्डं उघडलीच नाहीत. तिसऱ्यावर काही फोटो अर्धे करडे आले.

२०११ चं कार्ड उघडलं. पण ते कधी, कसं, मला माहीत नाही. मी तेव्हा वाकडला होतो आणि त्या कार्डापर्यंत पोचलो नव्हतो. चार दिवसांनी आईचा फोन आला, दुसऱ्याच कामासाठी, आणि बोलता बोलता ती म्हणाली की पप्पांनी ताम्हिणीच्या काकूंचा फोटो करून जीपवाल्याकडे दिला. आता वर्षश्राद्धाला तो ठेवतील.

शनिवारी मी कॉम्प्युटरवर तो शोधून काढला. ग्रुप फोटो नव्हताच. पंगत चाललेली आहे, ते गृहस्थ हातात वरणाची बादली घेऊन वाकलेले आहेत आणि कोणीतरी हाक मारली म्हणून वळून हसतायत. पप्पांनी बादली कापली होती, हसू ठेवलं होतं. मागे निळा रंग भरला नव्हता.

"मला फोन का नाही केला?" मी विचारलं.

"कशाला?" पप्पा म्हणाले.