वाकायचं नाही

डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टींना मनाई होती. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कमरेतून वळायचं नाही. मुदत सहा आठवडे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे जमून गेलं असतं. तिथं कमोड आहे, टेबल आहे, जेवण दारात येतं. पण टाके निघाल्यावर मी घरी आले, बार्शीटाकळीला. आमच्या घरातलं निम्मं आयुष्य जमिनीलगत चालतं. विळीवर भाजी चिरायची ती खाली बसून, जेवायचं खाली बसून, धुणं खाली, झाडू खाली. मोठ्यांच्या पाया पडायचं तेही वाकूनच. कोणी भेटायला आलं की मी खांबासारखी उभी राहून हात जोडते. शेजारची आजी परवा म्हणालीच, "पोट्टी पुण्याले जाऊन लयच ताठ झाली व!"

माझ्या पाठीत स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर आहे. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत दोन बारीक तारा, आणि कमरेखाली कातडीच्या आत काडेपेटीएवढं एक यंत्र. यंत्र तारांमधून विजेचे सूक्ष्म झटके सोडतं. वाकण्यावर बंदी आहे ती या तारांसाठी. भोवतीचं मांस त्यांना धरून ठेवेपर्यंत त्या जागच्या हलू शकतात, आणि हलल्या की झटका भलत्याच ठिकाणी जातो.

इथपर्यंत यायला दोन वर्षं लागली. मणक्यातली गादी सरकली, ऑपरेशन झालं. नंतरचा एमआरआय चांगला आला, पण डाव्या पायातली आग तशीच राहिली. वीस मिनिटांच्या वर बसता येईना. सकाळच्या मीटिंगा कॅमेरा बंद ठेवून, पालथं पडून केल्या. नोकरी टिकेल का, हा प्रश्न दर महिन्याला पगाराबरोबर यायचा. गोळ्या, फिजिओथेरपी, इंजेक्शनं सगळं झाल्यावर या यंत्राचं नाव निघालं. आधी आठवडाभर तारा आत आणि यंत्र बाहेर, अशी चाचणी असते. दुखणं निम्म्यानं तरी कमी झालं, तर कायमचं बसवतात. माझं झालं. इन्शुरन्स नसता तर यंत्र की नवी कार, असा हिशेब करावा लागला असता.

यंत्र आठवड्यातून एकदा चार्ज करावं लागतं. चार्जरचा पट्टा कमरेला बांधायचा आणि बसून राहायचं. पहिल्याच दिवशी वीज गेली. माय घाबरली. "लाईन गेली तं तुही मशीन बंद पडन काय व?" आत बॅटरी आहे हे पटायला तिला दोन दिवस लागले.

यंत्र काही बरं करत नाही. दुखावलेली नस तशीच आहे, फक्त तिचा निरोप मेंदूपर्यंत पूर्ण पोचत नाही. यामागची कल्पना 1965 सालची. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं की मज्जारज्जूत एक फाटक असतं. स्पर्शाचे संदेश जास्त आले की वेदनेसाठी ते थोडं बंद होतं. गुडघा आपटला की आपण तिथं चोळतो, ते यासाठीच. दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, नॉर्मन शीली या अमेरिकन न्यूरोसर्जननं पहिला स्टिम्युलेटर माणसात बसवला. म्हणजे माय रात्री पोटऱ्या चोळते आणि माझं यंत्र झटके सोडतं, या दोन्हींचं मूळ एकच.

मला रोज दुखणं मोजून लिहायला सांगितलंय, शून्य ते दहा. मी शीट केली आहे. ऑपरेशनआधी सगळे आठ, आता तीन-चार. एकदा दुपारी माय शेजारी बसून बघत होती. मी तिला विचारलं, "तुझं किती?"

"दुखण्याले काय नंबर असते?" ती म्हणाली.

मेलझॅकलाही नंबर अपुरा वाटला होता. 1975 मध्ये त्यानं वेदनेची एक प्रश्नावली केली. तिच्यात आकडे कमी आणि शब्द जास्त, एकूण 78. मग मी मायला आकडा सोडून शब्द विचारले. ती बोलत गेली. निंदणाच्या दिवसात कंबर रगरगते. कापूस वेचताना कमरेला बांधलेलं फडकं भरत जातं, तशी मांडीपर्यंत कळ उतरते. सोयाबीन सोंगताना उभं राहिलं की चमक निघते. रात्री पोटऱ्या ओढतात. सकाळी पाठ लाकूड झालेली असते.

माझ्या फाईलमध्ये मांडीपर्यंत उतरणाऱ्या कळेला भारी इंग्रजी नाव आहे. तिची फाईलच नाही. बाम आहे, विटेचा शेक आहे, मेडिकलवरून आणलेली गोळी आहे. सहा आठवडे वाकू नको असं तिला कोणी सांगितलं, तर शेत कोण सोंगेल आणि मला भाकर कोण देईल?

तिला माझ्यासारखं यंत्र लागेल असं मी म्हणत नाही. ते सगळे उपाय करून झाल्यावरचं आहे. तिचा तर पहिलाच उपाय व्हायचा आहे. अकोला इथून फार दूर नाही, तिथं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. मी म्हटलं, जाऊ. ती म्हणाली, "सोंगणी झाली का पाहू." सोंगणीमागोमाग कापूस वेचायला येतो, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

म्हणून तारीख मीच ठरवली. शीटमध्ये तिच्या नावाचं नवीन पान केलं. आकड्यांचा रकाना रिकामा ठेवून तिचे शब्द ती म्हणाली तसेच लिहिले. अकोल्याला जाताना प्रिंट काढून न्यायची आहे. 'कधीपासून' या रकान्यासाठी तिला परत विचारावं लागलं. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "लग्न झालं तवापासून."