आमच्या घरची मुलाखत

गेल्या तीन महिन्यांत मी चाळीसएक मुलाखती घेतल्या. उमेदवार एकच, आमची नात.

पंचाहत्तरीत हे काम अंगावर कसं पडलं ते सांगते. नात बंगळुरूला एका कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर होती. (खरं नाव लिहायला तिची परवानगी नाही, म्हणून लहानपणीसारखं ठकीच म्हणते.) मार्च २०२५मध्ये एका सकाळी साडेनऊला तिला व्हिडिओ कॉलवर बोलावलं, पंधरा मिनिटांत 'तुमची जागा आता राहिली नाही' म्हणून सांगितलं, आणि दुपारपर्यंत तिचा लॅपटॉपही तिला उघडेना. दोन आठवडे तिनं आईबापांनाही कळू दिलं नाही. मग एक दिवस बॅगा घेऊन सरळ सांगलीला माझ्या दारात. म्हणाली, "आजी, तुझ्याकडे शांत असतं. इथेच मुलाखतींचा अभ्यास करते." मी काही विचारलं नाही. चौतीस वर्षं वर्गात काढल्यावर कोणाचा गृहपाठ राहिलाय आणि कोणाचं पोट दुखतंय हे दारातून आत येतानाच कळतं. हिचं पोट दुखत होतं.

आता प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे काय, हे शेजारच्या काकूंना सांगताना माझी पंचाईत झाली. ठकीनं मला समजावलं ते असं. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गँबल ही साबणाची कंपनी. तिथल्या नील मॅकेलरॉय नावाच्या तरुणानं १९३१ साली वरिष्ठांना तीन पानी टिपण लिहिलं, की एकेका साबणाची सगळी जबाबदारी एकेका माणसाकडे द्या. त्याच्याकडे कॅमे साबण होता, आणि कंपनीच्याच आयव्हरी साबणापुढे तो मागे पडत होता. या कामाची सुरुवात तिथली धरतात. (हाच गृहस्थ पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला!) साबणाच्या जागी आता अ‍ॅप आलं, एवढंच. गंमत अशी की जबाबदारी सगळी, पण हाताखाली कोणी नाही. इंजिनिअर दुसऱ्या साहेबाचे, चित्रं काढणारे तिसऱ्याचे. सगळ्यांना गोड बोलून, पटवून काम करून घ्यायचं. मी म्हटलं, "म्हणजे वर्गशिक्षिका! गणिताचे सर काही माझं ऐकायला बांधलेले नव्हते, पण दहावीचा निकाल लागला की बोलणी मलाच." तेव्हापासून काकूंना मी तेच सांगते.

ठकी आधी एकटीच अभ्यास करायची. पुस्तकं होती, यूट्यूबवरचे नमुने होते, आणि चॅटजीपीटीशी तर ती तासन् तास बोलायची. मी एकदा पोह्याची बशी ठेवायला गेले तेव्हा ऐकलं. हिनं काहीतरी उत्तर दिलं आणि त्यानं लगेच फार छान, फार विचारपूर्वक वगैरे सुरू केलं. मला राहवलं नाही. निबंधात दहापैकी आठच्या वर गुण मी जन्मात दिलेले नाहीत. म्हटलं, "याच्यापुढे बसून काय उपयोग? माझ्यापुढे बस."

झालं. रोज दुपारी चार वाजता मी आरामखुर्चीत, ती समोर स्टुलावर. तिनं प्रश्न वहीत लिहून दिलेले, इंग्रजीत. माझं बीए मराठी माध्यमातून झालेलं, त्यामुळे मी ते अडखळत वाचायची. पहिल्याच प्रश्नाला आमचं भांडण झालं. प्रश्न होता, 'म्हाताऱ्या माणसांसाठी औषधांची आठवण करून देणारं अ‍ॅप तयार करा.' हिनं उत्तर द्यायचं सोडून मलाच विचारायला सुरुवात केली, कुठल्या देशातली म्हातारी माणसं, एकटी राहणारी की मुलांबरोबर, कंपनीला यातून काय साधायचंय. मी ताडकन् म्हटलं, "उत्तर दे. उलट प्रश्न काय विचारतेस?"

ती हसली. म्हणाली, "आजी, इथे आधी विचारावंच लागतं. न विचारता सुरुवात केली तर तिथेच गुण जातात."

मला जरा लागलं ते. मी आयुष्यभर ज्यांची उत्तरं माझ्या पदराला बांधलेली होती असेच प्रश्न विचारले. उलट विचारणारी एक मुलगी नववीच्या वर्गात होती, तिला मी किती वेळा 'खाली बस' म्हटलं असेल! असो.

मग ठकीनं पाचेक मिनिटं उत्तर दिलं. वृद्ध लोक विसरतात, म्हणून मोठ्या अक्षरांत सूचना, मुलाला फोन, गोळी घेतली की बटण, आवाजी घड्याळ. सगळं क्रमवार, एक मुद्दा गळला नाही. मला ते ऐकताना आमच्या वर्गातला 'पावसाळ्यातील एक दिवस' आठवला. प्रस्तावना, मुद्दे, समारोप, आणि कुठेही अंगावर पावसाचा एक थेंब नाही. या मुलाखतींसाठीही असे साचे आहेत म्हणे. आधी वापरणारा कोण ते ठरव, मग त्याची अडचण, मग तीन उपाय, त्यातला एक निवड. साचा वाईट नाही, मीही मुलांना दिला होता. पण पेपर तपासताना पाठ केलेलं आणि सुचलेलं यांतला फरक दुसऱ्या ओळीत कळतो.

मी म्हटलं, "ठके, मी कुठे विसरते?"

"म्हणजे?"

"ती सकाळची रक्तदाबाची गोळी. लघवीची असते ती. ती घेतली की तीन तास घराबाहेर पडायची सोय नाही. मिरजेला जायचं असलं, की मी घेतच नाही. चांगली आठवण ठेवून घेत नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. वही मिटली, आणि मुलाखत बाजूला ठेवून मला फैलावर घेतलं. आठवड्यातून किती वेळा? डॉक्टरांना सांगितलंस? बाबांना माहीत आहे? मी गप्प. दुसऱ्या दिवशी माझी वरात दवाखान्यात. डॉक्टर आधी रागावले, मग म्हणाले की हे मला सांगायला काय झालं होतं, आणि गोळीची वेळ बदलून दिली. माझ्या फोनमध्ये मुलानं बसवून दिलेलं आठवणीचं अ‍ॅप दोन वर्षं रोज सकाळी वाजत होतं आणि मी इमानदारीत 'घेतली' असं बटण दाबत होते. ठकी म्हणाली, "म्हणजे त्या कंपनीच्या आकड्यांत तू शंभर टक्के गोळ्या घेणारी आजी आहेस."

त्या संध्याकाळी तिनं आधीच्या साऱ्या टिपणांवर काट मारली.

मला सगळ्यात मजा आली ती अंदाजाच्या प्रश्नांची. गूगलमध्ये पूर्वी म्हणे कोडी घालायचे. त्याचा काही उपयोग होत नाही, हे त्यांच्याच मनुष्यबळ विभागाच्या लॅझलो बॉक यांनी २०१३मध्ये जाहीर मुलाखतीत सांगितलं. पण अंदाज बांधायला सांगण्याची पद्धत अजून आहे. मी विचारलं, सांगली-मिरजेत रोज दुधाच्या पिशव्या किती खपतात? तिनं मांडलं, २०११च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर, घरात चार माणसं धरली तर सव्वा लाख घरं, घरटी अर्ध्या लिटरच्या दोन, म्हणजे अडीच लाख पिशव्या. मी म्हटलं, "आणि गवळ्याचं रतीब कुठे गेलं? आपल्या गल्लीत निम्म्या घरी किटली येते." मग ती सव्वा लाखावर आली. खरा आकडा दोघींनाही माहीत नाही. त्यांना तो नकोच असतो, कशावरून कशावर आलात तेवढं बघतात. गणिताच्या पेपरात पायऱ्यांचे गुण असतात, तसं.

पण खरी अडचण होती ती पूर्वानुभवाच्या फेरीची. अ‍ॅमेझॉनमध्ये कामाची तत्त्वं ठरलेली आहेत, आधी चौदा होती, २०२१पासून सोळा, आणि त्यांवरून प्रश्न विचारतात. तुम्ही कधी वरिष्ठांशी असहमत झालात का, कधी चुकलात का, सांगा. परिस्थिती काय होती, तुमच्याकडे काय काम होतं, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय झालं, अशा चार पायऱ्यांत सांगायचं. ठकीनं 'माझं अपयश' म्हणून जे तयार केलं होतं, त्यात ती फार मेहनत करते आणि सगळ्यांना मदत करायला जाते, म्हणून एक काम आठवडाभर लांबलं!

मी शून्य गुण दिले. म्हटलं, "हे अपयश नाही, हे स्वतःचंच हळदीकुंकू."

ती चिडली. "आजी, नोकरी गेलेल्या माणसानं खरं अपयश सांगितलं तर कोण घेईल?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला १९७४ सालची माझी मुलाखत आठवली. संस्थेचे चार सभासद टेबलापलीकडे, मी नव्या नऊवारीत घामाघूम. मराठीवर एकच प्रश्न विचारला. बाकी सगळं लग्नाबद्दल. लग्न ठरलंय का, झाल्यावर नोकरी सोडणार का. ठरलं होतं. मी 'नाही' म्हणून सांगितलं आणि नोकरी मिळवली. हे मी ठकीलाच पहिल्यांदा सांगितलं, तिच्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं. खरं बोलण्याचा उपदेश करायला मी काही योग्य बाई नाही.

दोन दिवस चारची मुलाखत झाली नाही. तिसऱ्या दिवशी रात्री अंथरूण घालताना ती आपणहून बोलायला लागली. तिची कंपनी किराणा दुकानदारांसाठी उधारीच्या वहीचं अ‍ॅप करायची. गिऱ्हाइकाची उधारी थकली की त्याला आपोआप संदेश जाईल, ही सोय ठकीची. पहिल्या महिन्यात वसुली वाढली, तिचं कौतुक झालं. बाजारात फिरणारी कंपनीची मुलं मात्र सांगत होती की मॅडम, दुकानदार नाराज आहेत. हिनं त्यांना आकडे दाखवले. तीन महिन्यांनी लक्षात आलं, की दुकानदार चांगल्या गिऱ्हाइकांची उधारी अ‍ॅपमध्ये लिहीतच नाहीत, परत कागदाच्या वहीत लिहितात. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला मशीननं पैसे मागितलेले कोणाला आवडतील? "मी किती संदेश गेले आणि किती पैसे आले ते मोजत होते, आजी. नव्या नोंदी किती होतात ते बघितलंच नाही. आणि ती मुलं सांगत होती गं."

आमच्या गल्लीतला वाणी दहा तारखेपर्यंत चकार शब्द काढत नसे. अकराव्या दिवशी फक्त 'बाई, साखर नवीन आलीय' म्हणायचा. मला कळायचं. हे तिला सांगितलं तर ती हसायला लागली, आणि हसता हसता रडली. मार्चपासून पहिल्यांदा.

"नोकरी त्यामुळे गेली का?" मी विचारलं.

"नाही. आमचा अख्खा विभागच बंद केला. पण मला रोज वाटतं, की त्यामुळेच."

मग आम्ही त्याच गोष्टीवर काम केलं. पहिल्यांदा तिला तेरा मिनिटं लागली आणि निम्मा वेळ स्वतःला शिव्या देण्यात गेला. मी लाल पेन्सिलीनं ते काढलं. मराठीत सांग म्हटलं. मराठीत चार मिनिटांत नीट आली, मग तीच इंग्रजीत. काय मोजायचं होतं, काय मोजलं, कोणाचं ऐकलं नाही, आणि आता ती एक आकडा वाढवायला गेली तर त्याच्यामागे दुसरा कुठला पडतोय हे आधी का बघते. शेवटचं वाक्य तिनं मला सुचवू दिलं नाही.

गेल्या महिन्यात एका मोठ्या कंपनीच्या पाच फेऱ्या झाल्या. एवढ्या फेऱ्यांत तर आमच्या वेळी लग्नं ठरायची. उधारीची गोष्ट ऐकून एका बाईंनी ठरलेल्या वेळेच्या वर वीस मिनिटं प्रश्न विचारले म्हणे. आठ दिवसांनी दोन ओळींची मेल आली, या वेळी नाही. कारण देत नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. नापास करा, पण पेपर दाखवा! ठकीनं मात्र मेल वाचली, फोन पालथा ठेवला आणि ओट्यावरची भांडी घासली.

दुसऱ्या एका कंपनीची तिसरी फेरी बुधवारी आहे. मला आता रक्तदाबाची गोळी रोज वेळेवर घ्यावी लागते, समोर उभी राहून बघते ती. पोळ्यांच्या बाईंना बुधवारी साडेपाचनंतर या म्हणून सांगून ठेवलंय, कारण त्यांच्या बांगड्यांचा आवाज कॉलवर ऐकू जातो.