आजीच्या पुतळ्या

दसऱ्याच्या दिवशी आमच्या येळ्ळूर गावी शेजारीपाजारी आपट्याची पाने एकमेकांच्या हाती देतात आणि त्यांना सोने म्हणतात. त्या पानांवरून कधी भांडण झाल्याचे आम्ही ऐकले नाही. खऱ्या सोन्याची गोष्ट मात्र निराळी आहे.

आमच्या आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ असे. हल्लीच्या पुतळ्यांवर बहुधा लक्ष्मीची मूर्ती असते. आजीच्या पुतळ्यांवर दोन झिजलेल्या मनुष्याकृती होत्या आणि पाठीमागे ताऱ्यांच्या वलयात उभी असलेली एक आकृती होती. ती कोणाची, हे आम्हांस फार उशिरा कळले.

पुतळी हे मूळचे इटलीतील व्हेनिस नगराचे नाणे. १२८४ साली ते प्रथम पाडले गेले आणि १७९७ साली ते प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत चालू राहिले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूस संत मार्कापुढे गुडघे टेकलेला नगराधिपती, आणि दुसऱ्या बाजूस खुद्द प्रभू येशू ख्रिस्त! मिरीमसाल्याच्या व्यापारातून ही नाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली, स्त्रियांच्या गळ्यांत गेली, आणि इकडील सोनारांनी त्यांच्या नकला केल्या. आजीची माळ अशा नकलांचीच होती. लॅटिन अक्षरांच्या तेथे नुसत्या रेघोट्या उरल्या होत्या.

परंतु नाण्यावर ख्रिस्त असला म्हणजे नाणे ख्रिस्ताचे होते काय? ज्या व्हेनिसने पुढे हे नाणे पाडले, त्याच व्हेनिसचे लोक १२०४ साली कॉन्स्टँटिनोपल या ख्रिस्ती नगरीच्या लुटीत सामील होते. तेथून आणलेले सोनेरी मुलाम्याचे चार घोडे त्यांनी संत मार्काच्या मंदिरावर उभे केले. कला अप्रतिम, पण माल लुटीचा.

आजीला हा इतिहास ठाऊक नव्हता. एके वर्षी भात करपले, आणि त्यातच शेजारची बाळंतीण अत्यवस्थ झाली. आजीने माळेचा दोरा सोडला, एक पुतळी काढून त्या मुलीच्या सासूच्या हाती ठेवली आणि दोऱ्याला पुन्हा गाठ मारली. परत केव्हा द्याल, हे तिने विचारले नाही.

आजी देवाघरी गेली तेव्हा अकरा पुतळ्या उरल्या होत्या. अकरांचे दोन समान वाटे होत नाहीत. आमच्यात आणि आमच्या धाकट्या बंधूंत वाद झाला. माळ आमच्या पेटीत राहिली. गेली सहा वर्षे आम्ही दोघे भाऊ एकाच मंदिरात निरनिराळ्या बाकांवर बसून मिस्सा ऐकतो, आणि अपराधांच्या क्षमेची प्रार्थना एकाच सुरात म्हणतो. नाण्यावरचा ख्रिस्त आजीने ओळखला नव्हता, तरी ते नाणे तिने त्याच्याच कामी लावले. आम्ही त्याला ओळखले, आणि कुलपात ठेवले.

वाचकहो, सोने वाईट नव्हे. बेथलेहेमच्या बाळापुढे ज्ञानी पुरुषांनी सोनेच ठेवले होते. मात्र त्यासाठी त्यांनी आपल्या पेट्या उघडल्या. येत्या दसऱ्यास आपट्याचे पान घेऊन बंधूंच्या दारी जाण्याचा आम्ही निश्चय केला आहे. माळही बरोबर नेऊ. पाच पुतळ्या आमच्या, पाच त्यांच्या; आणि अकरावीही त्यांचीच.