कुणाच्या घरचं?

कळंबहून पुण्याला माणूस म्युझियम बघायला म्हणून निघत नाही. तो निघतो दवाखान्यासाठी, पोरांच्या ॲडमिशनसाठी, भावकीतल्या लग्नासाठी. येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी अशी गावं मागं पडतात, पुण्यातलं काम उरकतं आणि एखादा दिवस हातात उरतो. त्याचं काय करायचं यावर घरात कधी एकमत होत नाही. आईला सारसबागेतला गणपती हवा असतो, पोरांना मॉल. मी मात्र बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय पुढं करतो आणि सगळ्यांना तिकडं नेतो. आमच्या घरची माणसं तिथं एकमेकांशी जे बोलतात, ते एरवी वर्षभर बोलत नाहीत.

ते उभारणाऱ्या दिनकर केळकरांचं काम मला आधी एका बापाचं काम वाटतं, मग संग्राहकाचं. कवी म्हणून ते ‘अज्ञातवासी’. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला आणि आयुष्यभर जमवलेल्या संग्रहाला त्यांनी त्याचं नाव दिलं. वस्तू जमवायला त्यांनी १९२०च्या सुमारास सुरुवात केली, पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. १९७५ साली हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. वस्तू २० हजारांच्या वर आहेत, पण मला थक्क करते ती त्यांची निवड. अडकित्ते, समया, दौती, करंडे, पाय घासायच्या वज्र्या. ज्या काळात इतिहास म्हटलं की तलवार आणि तख्त एवढंच डोळ्यांपुढं यायचं, त्या काळात या माणसानं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर जपलं. बायकांच्या हातांनी झिजलेल्या वस्तूंना काचेआड जागा द्यावी हे सुचणं, हेच मला फार मोठं वाटतं.

एका खेपेला वज्र्यांच्या कपाटापुढं आई थांबली. एरवी ती भराभर पुढं जाते, गुडघे दुखतात म्हणून बाक शोधते. तिथं मात्र हलेना. “अशी वज्री आमच्या माहेरी न्हाणीत होती. पितळेची. वर मोर होता.”

“मग कुठं गेली, आज्जी?” भावाच्या मुलानं विचारलं.

“मोडीत घातली असंल. स्टीलचे डबे घेतले तवा.”

पोरगं काचेला नाक लावून बघत राहिलं. “मग ही तीच असंल का? नाही तर ही कुणाच्या घरची?”

ती तीच नव्हती, हे आम्हा मोठ्यांना कळत होतं. पण त्याचा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आपल्याकडच्या संग्रहालयांतल्या पाट्यांवर बहुधा वस्तूचा प्रकार असतो, धातू असतो, शतक असतं. घर नसतं, गाव क्वचितच असतं. ती वस्तू कुणी कुणाला कोणत्या लग्नात दिली, कुणाच्या हातून सुटली, का सुटली, हे गळून जातं. आणि का सुटली हा तर आमच्या मराठवाड्याचा अलीकडचा इतिहास आहे. दुष्काळात भांडी गेली. स्टील आलं तेव्हा तांब्या-पितळेची घडवंची रिकामी झाली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागातली गावंच्या गावं कोसळली आणि दगड-मातीच्या घराची भीती सगळीकडं बसली. माळवद उतरवून स्लॅब टाकताना जुन्या चौकटी, कोनाडे, त्यातले दिवे एका झटक्यात अडगळ झाले. हे सगळं त्या छोट्या पाटीवर मावणार नाही, मला मान्य आहे. पण गावाचं नाव मावतं, आणि ते असायलाच हवं.

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, घारापुरीचा दगडी हत्ती आहे. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीवरून. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तुटला आणि म्हणून इथंच राहिला. त्याला बघताना जीव हळहळतो, पण त्याचं गाव तरी सगळ्यांना ठाऊक आहे. मोराच्या वज्रीचं गाव कोण सांगणार?

म्हणून पुण्याच्या त्या खेपेनंतर सगळ्यांना घेऊन तेरला गेलो. तेर आमच्याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. लोक जातात ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला. पण हेच जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडं जाई. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू जमवल्या, आणि त्यातून इथलं संग्रहालय उभं राहिलं. मणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या. त्यातली हस्तिदंती स्त्री तर बघतच राहावी अशी. तिच्या घडणीची एक मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईत, इसवी सन ७९च्या ज्वालामुखीनं गाडलेल्या घरात मिळाली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तशीच एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही सापडली.

पोरानं इथंही विचारलं, “ही कुणाच्या घरची?” तिथल्या माणसानं दाराबाहेर हात केला. “इथलीच. हे सगळं या टेकाडांतलं.” मूर्तीला शे-दोनशे नाही, दोन हजार वर्षं झालेली, आणि तरीही तिचा पत्ता हाताच्या इशाऱ्यावर होता. पोरं बाहेर जाऊन टेकाड बघून आली. पुण्या-मुंबईची भव्य दालनं मला प्रिय आहेत, पुढंही तिथं जाणार आहे. पण घरच्यांना घेऊन जाणाऱ्यानं दोन्ही दाखवावं, मोठ्या शहरातलं कपाट आणि आपल्याजवळची पांढरी.

घरी आल्यावर पोरांनी वेगळंच काम काढलं. माळ्यावर मोडीतून वाचलेली थोडी भांडी होती. ती खाली घेऊन, चिंचेनं घासून त्यांवर कोरलेली नावं वाचायला लागली. परातीवर आईच्या मामांचं नाव, गाव, लग्नाची तारीख. तांब्यावर आजोबांची आद्याक्षरं. एका घागरीवरचं नाव मात्र झिजून गेलेलं, खाली ‘चौसाळा’ एवढंच स्पष्ट. आमचं चौसाळ्यात कुणी नाही. आई म्हणाली, “आत्याबाईंना माहीत असंल, लाव बरं फोन.” आत्याबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळं मोबाईल स्पीकरवर टाकून सगळे एकदम ओरडू लागले, चौसाळा, चौसाळा, घागर!