इंग्रजी, मोबाईल आणि आमची चूक

इंग्रजीची भीती काय असते हे आम्हाला कोणी सांगायला नको. आम्ही मराठी शाळेत शिकलो. पाचवीत इंग्रजी सुरू झाले ते बी.कॉम. होईपर्यंत सोबत राहिले, पण राहिले ते वहीत. कचेरीत 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' अशा थाटाचे पत्र आम्ही एका बैठकीत लिहून देतो. मात्र टेबलावरचा फोन वाजला आणि पलीकडून कोणी इंग्रजीत बोलू लागले, की हाताला घाम सुटतो. मग आम्ही रिसीव्हर शेजारच्या टेबलाकडे सरकवतो. वीस वर्षे नोकरी झाली तरी हा घाम गेला नाही.

आपल्या मुलांचे असे होऊ नये, ही आमची तळमळ. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. जातिव्यवस्थेची चिरफाड करणारे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' त्यांनी १९३६ साली इंग्रजीत छापले. त्याच बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' मात्र मराठीत काढले. जगाला जाब विचारायचा तर इंग्रजी, आणि आपल्या माणसाला जागे करायचे तर त्याची बोली. त्यांच्या हाती ही दोन्ही हत्यारे होती. त्याही आधी, १८५४ साली, सावित्रीमाईंनी 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. २०१० साली उत्तर प्रदेशातील बांका गावात चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने 'इंग्रजी देवी'च्या मंदिराचे काम सुरू झाले. त्यामागची कळकळ आम्हाला कळते. पण आपण बौद्ध. हार घालून भाषा जिभेवर येत नाही. ती रोज तोंडात घोळवावी लागते.

मुंबईत विक्रोळीच्या डोंगरउतारावर आमची वस्ती आहे. तेथील विहारात आम्ही तीन-चार नोकरदार मिळून शनिवार-रविवारी अभ्यासिका चालवतो. इंग्रजीचा तास लावला, की पहिल्या दिवशी पंचवीस मुले येत आणि चौथ्या रविवारी सहा उरत. फळ्यावर काळ आणि क्रियापदे लिहून आम्हीच थकलो. मग एक गोष्ट ध्यानात आली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या आणि आईबापांनी पोटाला चिमटा काढून घरात मोबाईल आणला. शाळा उघडल्या, पण मोबाईल घरात राहिला. मुले त्यावर तासन् तास दुसऱ्यांचे व्हिडिओ पाहतात, तर त्यांनी स्वतःचे का करू नयेत?

असे ठरले आणि २०२३ च्या भीमजयंतीनिमित्त आम्ही इंग्रजी व्हिडिओ स्पर्धा जाहीर केली. चार मुलांचा एक गट, गटात एक मोबाईल, दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि विषय आवडीचा. बक्षिसाला शब्दकोश आणि पेनांचे संच. बाप कामावरून परतला तरच मोबाईल मिळायचा, म्हणून चित्रीकरण रविवारी सकाळी वंदनेनंतर. कुकरच्या शिट्ट्या, नळावरची भांडणे, लाऊडस्पीकर, सगळे आवाज आत येत. मुलांनी विहारातला पंखा बंद केला, खिडकीला चादर लावली आणि मोबाईल आडवा धरला.

तेव्हा आम्ही जे पाहिले ते फळ्यासमोर कधी पाहिले नव्हते. सातवीतल्या एका मुलीने एकच वाक्य सतरा वेळा म्हटले. पुस्तकातला धडा सतरा वेळा वाच म्हटले असते, तर ती घरी निघून गेली असती. येथे मात्र तिने आपला आवाज ऐकला, तोंड वाकडे केले आणि म्हणाली, "सर, परत." स्वतःची चूक स्वतःच्या कानाने ऐकणे हा मोठा गुरू आहे. वर्गात चूक झाली की चाळीस जण हसतात. मोबाईलसमोर झालेली चूक पुसून टाकता येते.

आता आमची चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहिला.

महापालिकेच्या शाळेत नववीत शिकणाऱ्या एका मुलीच्या गटाने तिच्या वडिलांवर व्हिडिओ केला. ते कचरागाडीवर कंत्राटी कामगार. आधी ते तयार नव्हते. "चेहरा नको, हात दाखव," एवढीच परवानगी त्यांनी दिली. पडद्यावर दोन मिनिटे हातच दिसत होते: मस्टरवर सही करणारे, डबा उचलणारे, साबणाने घासणारे. मागून मुलीचा आवाज: 'माय फादर इज अ मोटर लोडर. ही गो टू चौकी अॅट सिक्स. ही साइन मस्टर. ही लिफ्ट युवर कचरा.'

आम्ही परीक्षक गुणपत्रिका घेऊन बसलो होतो. 'गोज' हवे तेथे 'गो', गुण वजा. 'साइन्स' हवे तेथे 'साइन', गुण वजा. 'कचरा' मराठी शब्द, तोही वजा. पहिले बक्षीस इंग्रजी माध्यमातल्या मुलांना गेले. बाबासाहेबांच्या जीवनावर ती अस्खलित बोलली होती. मजकूर त्यांचा नव्हता हे आम्हाला उमगले होते, कारण त्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा मुले गप्प झाली. तरीही त्या फाड-फाड इंग्रजीने आमचे डोळे दिपले. टेलिफोनला घाबरणारे आम्ही, दुसरे काय करणार? कचरागाडीच्या व्हिडिओला उत्तेजनार्थ दिले.

ती मुलगी पुढचे तीन रविवार आली नाही. चौथ्या रविवारी आम्ही तिच्या घरी गेलो. आईने चहा ठेवला. मुलगी खाली बघत म्हणाली, "सर, माझे काही नाही. पण पप्पांना उत्तेजनार्थ मिळाले."

वडील तेथेच होते. त्यांनी एक शब्द काढला नाही. आम्हाला चहा गिळवेना. ज्या माणसाचे काम जगाने शेवटच्या नंबरावर टाकले, त्याच्या लेकीने ते मान वर करून सांगितले, आणि विहारात बसून आम्हीही त्याला शेवटचाच नंबर दिला. तोही 'गो' आणि 'गोज' एवढ्यासाठी.

त्या रात्री आम्ही चौघांनी गुणपत्रिका फाडली आणि नवी केली. शंभरातले चाळीस गुण स्वतः विचारून, पाहून मिळवलेल्या माहितीला. वीस गुण ऐकणाऱ्याला समजले का याला. वीस गुण गटातील प्रत्येकाच्या बोलण्याला, म्हणजे एकच हुशार मूल पुढे आणि बाकीचे मोबाईल धरायला, असे होत नाही. दहा गुण आयत्या वेळी विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराला आणि दहा व्याकरणाला. मजकूर हल्ली मोबाईलच लिहून देतो. पण 'हा विषय का निवडलास?' या प्रश्नाचे उत्तर तो मुलाच्या तोंडात घालू शकत नाही.

आणखी दोन नियम केले, ते पंचशीलातूनच आले. दुसऱ्या शीलात आपण न दिलेले न घेण्याचा संकल्प करतो. तेव्हा दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून घ्यायचा नाही, आणि कोणाचा चेहराही विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. व्हिडिओ विहारात चादरीवर दाखवायचा, इंटरनेटवर टाकायचा नाही. मुलींच्या पालकांची काळजी यामुळे बरीच कमी झाली.

व्याकरण सोडून दिले, असा अर्थ कोणी घेऊ नये. नोकरीच्या मुलाखतीत 'ही गो' कोणी माफ करणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून निकालानंतरच्या रविवारी सगळे व्हिडिओ पुन्हा लावतो. जेथे चूक ऐकू येईल तेथे मुलांनी हात वर करायचा आणि सुधारलेले वाक्य पुन्हा रेकॉर्ड करायचे. 'ही', 'शी' आले की क्रियापदाला 'एस' लागतो, हा नियम फळ्यावर दहा वेळा लिहून जो शिरला नाही, तो असा डोक्यात बसला.

ती मुलगी परत आली. २०२४ च्या जयंतीला तिने तोच विषय पुन्हा केला. या वेळी 'गोज' होते, 'साइन्स' होते. 'कचरा' मात्र तिने हट्टाने तसाच ठेवला. "पप्पा कचराच म्हणतात," असे तिचे उत्तर. वडिलांनी चेहरा दाखवू दिला. ते पडद्यावर दिसले तेव्हा विहारात पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या त्या मागे बसलेल्या कामगारांच्या बायकांनी. आता ती लहान मुलांना मोबाईल कसा धरायचा ते शिकवते.

परवा आमच्या टेबलावरचा फोन वाजला. आम्ही तो सरकवला नाही. बोलताना दोन-तीन चुका झाल्या, पण पलीकडच्याला समजले आणि काम झाले.

बंधू-भगिनींनो, याला मोठा निधी लागत नाही. एक मोबाईल, एक पांढरी चादर आणि रविवारचे दोन तास पुरतात. विषय शोधायला लांब जाऊ नका. धुणीभांडी करणारी आई, बिगारी बाप, अंगणवाडीतल्या ताई, दीक्षाभूमीला जाऊन आलेली आजी, हे सारे तुमच्या घरात आहेत. मुलाला आधी त्यांच्याशी मराठीत बोलू द्या, मग पाच-सहा शब्दांचे एक एक वाक्य इंग्रजीत करू द्या. चुकला तर हसू नका. आणि गुण देण्याची वेळ आली, तर पेन उचलण्याआधी ते मूल कोणाविषयी बोलते आहे तेवढे नीट पाहा.

जयभीम!