पुढच्या मोसमाचा पास

बेसबॉलचा साखळी मोसम सप्टेंबरअखेर संपतो आणि त्याच सुमारास पुढच्या वर्षीच्या पासाबद्दल विचारणा येते. त्याच दोन खुर्च्या राखून ठेवायच्या की सोडायच्या, एवढंच कळवायचं असतं. संघ जिंकत असतो तेव्हा या प्रश्नावर घरात फारसं बोलणंही होत नाही. यंदा मात्र आमच्या स्वयंपाकघरात हा विषय रोज निघतोय. 2024च्या या मोसमात शिकागो व्हाइट सॉक्स 162पैकी 121 सामने हरले. विसावं शतक सुरू झाल्यापासून अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉलमध्ये एका मोसमात इतके पराभव कुठल्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. 1962 सालापासून न्यूयॉर्क मेट्सच्या नावावर 120 पराभवांचा डाग होता. आता तो आमच्या नावावर आला, एका पराभवाची भर घालून.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा ईर्षेचा फुटबॉल सामना असला की दुपारपासून पेठा ओस पडायच्या. तिथं संघ कुणी निवडत नाही. ज्या पेठेत जन्माला आलो तिथली तालीम आपली, आणि ती हरली म्हणून कुणी दुसऱ्या पेठेच्या पोरांत जाऊन बसत नाही. शिकायला शिकागोत आलो तो इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. कॉलेज पस्तिसाव्या रस्त्यालगत, आणि त्याच रस्त्यानं हायवे ओलांडला की सॉक्सचं मैदान. संध्याकाळी अभ्यासाला बसलं की मध्येच फटाक्यांचा धडाका व्हायचा, म्हणजे आपल्या कुणीतरी होम रन मारला. मला बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हापासून त्या आवाजानं बरं वाटायचं. या शहराच्या उत्तरेला कब्स आणि दक्षिणेला सॉक्स, अशा पेठा इथंही ठरलेल्या आहेत. मला माझी पेठ आयती मिळाली.

चांगले दिवसही पाहिले. 2005च्या ऑक्टोबरात सॉक्सनं ह्यूस्टनला चारही सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. आधीचं अजिंक्यपद 1917चं, म्हणजे मधे 88 वर्षं गेलेली. त्या रात्री दक्षिण शिकागोत म्हातारी माणसं अंगणात उभी राहून रडत होती, वारलेल्या वडिलांची नावं घेत होती. जिंकणं आम्हाला नको झालंय असं कुणी समजू नये. ते काय असतं हे आम्हाला नीट ठाऊक आहे, म्हणूनच यंदाचा मोसम इतका लागला.

तो सुरुवातीपासूनच वाईट होता. पहिल्या 25 सामन्यांत 22 पराभव. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला सलग 14. मग जुलैत असा काही उतार लागला की ओळीनं 21 सामने गेले आणि ऑगस्टच्या सहा तारखेला, दूर ओकलंडमध्ये, एकदाचा एक सामना जिंकला. दोन दिवसांनी व्यवस्थापकाला काढलं. घरच्या मैदानावर 81पैकी 58 सामने हरले. बेसबॉलमध्ये हा आकडा फार बोचतो, कारण या खेळात हार ही रोजच्या जेवणाइतकी साधी गोष्ट आहे. यंदा सगळ्यांत जास्त जिंकणारे लॉस एंजेलिस डॉजर्ससुद्धा 64 सामने हरलेच. चांगल्या संघाचा पाठीराखासुद्धा दर तीन दिवसांतून एकदा खाली मान घालून घरी जातो. आम्ही चारांतले तीन दिवस तसे गेलो.

आमच्या खुर्च्या वरच्या मजल्यावर, पहिल्या बेसच्या बाजूला. सगळ्या 81 सामन्यांचा पास आम्ही कधीच घेतला नाही. त्याला पैसा लागतो आणि त्याहून जास्त सवड लागते. आमचा छोटा पास, ठरावीक संध्याकाळींचा. पण खुर्च्या त्याच, त्यामुळे आजूबाजूची माणसंही तीच. शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर आजोबा बसतात. जन्म ब्रिजपोर्टमधला, मैदानापासून चालत येण्याच्या अंतरावर. जुनं कॉमिस्की पार्क 1910 साली उभं राहिलं आणि 1991 साली पाडलं गेलं. आता तिथं गाड्या लावतात आणि होम प्लेटची जागा एका फरशीनं दाखवली आहे. आजोबा येताना रोज त्या फरशीवरून चालत येतात. पुढच्या रांगेत दोघी बहिणी, दोघीही शाळामास्तरणी, पाऊस असो की ऊन. यांच्यापैकी कुणाच्याही घरी मी कधी गेलेलो नाही. पण कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं, कुणाचा भाचा सैन्यातून परत आला, हे सगळं मला माहीत असतं, आणि माझे वडील गेले तेव्हा त्या बहिणींनी मोसमाच्या पहिल्याच दिवशी काही न बोलता माझा हात धरला होता.

आजोबांनीच माझ्या मुलीला धावफलक लिहायला शिकवलं. ही कला अजून जिवंत आहे याचं मला फार अप्रूप आहे. एक मोठा कागद, त्यावर प्रत्येक फलंदाजासाठी एक चौकोन, चौकोनात फिकट रेषांनी छापलेला बेसचा शंकरपाळा. क्षेत्ररक्षकांना आकडे ठरलेले: पिचर एक, कॅचर दोन, असं करत उजव्या कोपऱ्यातला नऊ. चेंडू शॉर्टस्टॉपनं उचलून दुसऱ्या बेसवर दिला आणि तिथून पहिल्यावर गेला, दोघं बाद, की सहा-चार-तीन एवढंच लिहायचं. फलंदाज बॅट फिरवून चुकला तर इंग्रजी के, आणि नुसता बघत उभा राहून बाद झाला तर तोच के उलटा. धाव झाली तर शंकरपाळा पेन्सिलीनं गच्च भरायचा. यंदाचे तिचे कागद मी काढून पाहिले. पाहुण्या संघाची बाजू काळ्या शंकरपाळ्यांनी भरलेली, आमची बाजू पांढरी. पण त्या पांढऱ्या बाजूवरही प्रत्येक चौकोनात काहीतरी लिहिलेलं आहे. कुणी आठ चेंडू तग धरला आणि मग बाद झाला, कुणी उडवलेला चेंडू कुंपणापाशी झेलला गेला. हरलेल्या सामन्यातही चौकोन तेवढेच भरावे लागतात.

आणि पांढऱ्या बाजूच्या पाठीमागे गॅरेट क्रोशे होता. मोसमातल्या सगळ्यांत वाईट संघाचा हा डावखुरा पिचर, आधीची वर्षं राखीव म्हणून थोडं थोडं खेळलेला, यंदा पहिल्यांदा सामना सुरू करायला उभा राहिला आणि 146 इनिंगमध्ये 209 वेळा त्यानं के लिहायला लावला. त्याचा चेंडू वरच्या मजल्यावरून दिसतो तो असा: हात खांद्याच्या बाजूनं सपाट येतो, चेंडू आधी फलंदाजाच्या अंगावर चालल्यासारखा वाटतो, तो मागे सरकतो, आणि तोवर चेंडू प्लेटच्या कोपऱ्यावरून कॅचरच्या हातात. ज्या दिवशी तो असायचा त्या दिवशी संघ तळाला आहे हे तीन-चार इनिंग कुणाच्या लक्षातही राहायचं नाही. 2024चा मोसम संपला तेव्हा, हिवाळ्यात त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकतील अशी चर्चा होती. पासाचा विचार करताना मला सगळ्यांत जास्त थांबवलं ते यानंच. पराभव मी सोसतो. जे चांगलं आहे तेच विकलं जाणार असेल, तर मी कशाचे पैसे भरतो?

सप्टेंबरच्या 24 तारखेचा मंगळवार आमच्या रांगेला जन्मभर आठवेल. दोनच दिवस आधी सॅन डिएगोत 120वा पराभव झाला होता. त्यामुळे त्या संध्याकाळी कधी न येणारी माणसं आली, विक्रमी पराभव डोळ्यांनी बघायला. समोर लॉस एंजेलिस एंजल्स. सात इनिंग झाल्या तेव्हा आम्ही 2-0 असे मागे होतो. ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा गॅलरीत घुमत होत्या, मालक जेरी राइन्सडॉर्फ यांना उद्देशून, आणि त्या घोषणांत मीही होतो. मग आठव्या इनिंगमध्ये तीन धावा झाल्या. तिसरी झाली तेव्हा पराभव बघायला आलेली माणसंसुद्धा उभी राहिली होती. त्या खेळाडूंना त्या दिवशी जिंकून काय मिळणार होतं? तक्त्यात एक जागा वर जायचीही सोय नव्हती. तरी ते 3-2 असे जिंकले, बुधवारी जादा इनिंगमध्ये जिंकले आणि गुरुवारी 7-0 असे. विक्रम त्यांनी घरच्या लोकांसमोर होऊ दिला नाही. तो शुक्रवारी डेट्रॉइटमध्ये झाला, आणि त्याच सामन्यातल्या विजयानं तिथल्या टायगर्सना दहा वर्षांनी बाद फेरीत नेलं. हे तेच टायगर्स, जे 2003 साली 119 सामने हरले होते आणि ज्यांनी शेवटच्या सहांपैकी पाच जिंकून मेट्सचा विक्रम टाळला होता. आमच्या संघानंही शेवटच्या सहांपैकी पाच जिंकले.

बायकोचं म्हणणं सरळ आहे आणि ते खोडता येत नाही. ती म्हणते, “खेळ बघायचाच असेल तर आदल्या दिवशी तिकीट काढ. यंदा लोक पासावरची तिकिटं पाण्याच्या भावानं विकत होते. आणि ज्यांनी संघाची ही दशा केली त्यांना आपण वर्षाचे पैसे आधीच का द्यायचे?” हा शेवटचा प्रश्न माझाही आहे. पाठीराखा काहीही झालं तरी येणारच, अशी मालकाची खात्री झाली तर हरण्याची किंमत त्याला कशात मोजावी लागणार? मग मी ओकलंडकडे बघतो. तिथला मालक संघ हलवायला निघाला तेव्हा लोकांनी दोन्ही करून पाहिलं. आधी घरी बसून पाहिलं. मग 13 जून 2023च्या मंगळवारी ठरवून 27,759 जण मैदानात आले, आम्ही आहोत हे दाखवायला. रिकाम्या खुर्च्या संघ हलवण्याचं कारण म्हणून मोजल्या गेल्या. भरलेल्या खुर्च्या कुणी मोजल्याच नाहीत. आमचे लोक गुरुवारी 7-0 असे जिंकत होते, त्याच दिवशी ओकलंडमध्ये 46,889 लोकांसमोर ॲथलेटिक्सचा तिथला शेवटचा सामना झाला. 1968 पासूनचा संघ गेला.

आमचाही एकदा जाता जाता राहिला आहे. 1988च्या जूनमध्ये फ्लोरिडातलं सेंट पीटर्सबर्ग घुमटाचं मैदान बांधत होतं आणि सॉक्सना बोलावत होतं. तीस तारखेच्या रात्री इलिनॉयच्या विधिमंडळात, मध्यरात्रीची मुदत उलटू नये म्हणून घड्याळ थांबवून, नव्या मैदानाच्या पैशाला मंजुरी दिली गेली असं आजोबा सांगतात. त्या रात्री ते रेडिओला कान लावून बसले होते. आताच्या मैदानाचा करार 2029 पर्यंत आहे आणि मालकांना शहराच्या मध्याजवळ नवं मैदान हवं आहे. पुढं काय होईल ते माझ्या दोन खुर्च्यांवर ठरणार नाही. मी पास घेतला म्हणून ते राहणार नाहीत, सोडला म्हणून सुधारणार नाहीत. हे एकदा मनाशी नक्की झालं आणि मग मालकाला वजा करून विचार करता आला.

उरलं काय, तर जुलैतल्या एका संध्याकाळी तिसऱ्या इनिंगला मी कुठं असेन. पास हाती असला की कामावरून पाचला उठावंच लागतं, लाल लाइन पकडावीच लागते. आदल्या दिवशी तिकीट काढणारा माणूस हरणाऱ्या संघासाठी मंगळवारी कधीच उठत नाही, हे मी स्वतःला ओळखून सांगतो. आणि तिकीट काढलं तरी ते कुठल्या तरी रांगेतलं असतं. आजोबांच्या शेजारचं नसतं. मैदानावर मक्याचे दाणे कणसावरून सुरीनं उतरवून देतात, वर लोणी, चीज, लिंबू आणि तिखट. मुलगी ते एका हातात धरून दुसऱ्या हातानं लिहायची. आजोबा तिचा चौकोन बघून म्हणायचे, “तो बघत उभा होता, के उलटा कर.” एवढ्यासाठी वर्षाचे पैसे भरावेत का? मला वाटतं भरावेत. हा हिशेब जिंकण्या-हरण्याच्या वहीत मांडायचाच नव्हता.

परवा आजोबांना फोन केला. त्यांनी त्यांची खुर्ची ठेवली आहे, फक्त गुडघ्यामुळे पायऱ्यांच्या कडेची मागितली आहे. म्हणजे आमची अदलाबदल होईल. काल रात्री बायकोनंच हप्त्यांचा पर्याय निवडून पहिला हप्ता भरला. 2025चा मोसम 27 मार्चला आमच्याच मैदानावर सुरू होतो, पुन्हा एंजल्सशीच. मुलगी आता मिनियापोलिसला असते. तिनं जुलैतला एक शनिवार आताच मागून घेतलाय आणि तिची मैत्रीणही बरोबर येणार आहे, म्हणजे त्या दिवशी तिसरं तिकीट वेगळं काढावं लागेल.